बेचाळीस वेढे

जयू पागनीस यांच्याविषयी उज्जैनच्या फ्रीगंजात जे सांगितलं जातं, त्यातलं निम्मं खरं नाही, आणि हे सर्वांत आधी त्या स्वतःच सांगतात. मोटरीच्या नुसत्या आवाजावरून त्या बेअरिंगचा नंबर ओळखतात, ही गोष्ट पार देवास गेटच्या बस स्टँडापर्यंत पोचलेली आहे. "अहो, नंबर बेअरिंगवर कोरलेला असतो. मी चष्मा लावते आणि वाचते," असा जयूताईंचा खुलासा. मोटरीवर हात ठेवून त्यांनी एक फेज गेल्याचं सांगितलं, असंही म्हणतात. हात ठेवला होता हे खरं, पण मोटर बंद होती, आणि फेज गेल्याचं मालकानंच आधी सांगितलं होतं.

दंतकथा वजा केल्या की जे उरतं ते असं. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्याच खोलीत, साठीला आलेली एक बाई जळालेल्या मोटरी उघडते, आतली करपलेली तार काढते, नवी भरते आणि मोटर पुन्हा चालती करते. तेहतीस वर्षांत दोन हजारांवर मोटरी तिच्या हाताखालून गेल्या आहेत. हा आकडा अंदाजाचा नाही. तो वह्यांमध्ये आहे.

जयूताईंचं माहेर धारचं. १९८६ साली त्या पागनिसांच्या घरात आल्या. पागनीस म्हणजे कोणे काळी शिंद्यांच्या पागेतल्या घोड्यांच्या नोंदी ठेवणारे, अशी घरातली समजूत आहे. कागद मात्र एकही नाही. सासरे, अण्णा, कापड गिरणीच्या वीजखात्यात होते. गिरणी अखेरचे आचके देऊ लागली तेव्हा त्यांनी तिथला हुन्नर घरी आणला आणि पुढच्या खोलीत टेबल मांडलं. मुलगा जयंत टपाल खात्यात लागला होता, आणि त्याचा विजेशी संबंध बटण दाबण्यापुरता होता. आजही फ्यूज उडाला की जयंतराव मेणबत्ती शोधतात आणि जयूताई फ्यूज.

अण्णांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला नसता, तर जयूताई या धंद्यात आल्याच नसत्या. १९९१च्या पावसाळ्यात त्या चहा द्यायला पुढच्या खोलीत गेल्या आणि अण्णा म्हणाले, "सूनबाई, जरा ही टोकं मोज. मला दोनच्या जागी तीन दिसून राहिले."

छिन्नीनं कापलेली कॉइल होती, म्हणजे एकाच तारेचे एकावर एक घेतलेले वेढे. कापल्यावर प्रत्येक वेढ्याचं एक टोक दिसतं; टोकं मोजली की वेढे कळतात.

"अडतीस," जयूताई म्हणाल्या.

"परत मोज."

"अडतीसच, अण्णा."

"आता दुसरी मोज. पहिलीला किती वेळा विचारशील? ती तेच सांगणार."

मोटर भरणाऱ्या कोणाही कारागिराची पद्धत हीच. कंपनीनं किती वेढे दिले होते हे मोटरीवर लिहिलेलं नसतं. ते जळालेल्या मोटरीच्या पोटातूनच वाचायचं, आणि जितके निघतील तितकेच परत भरायचे. अण्णांनी वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहून ठेवला होता: तीन कॉइली मोजाव्या, दोन जुळतील ती संख्या धरावी. तोंडानं ते पुढं पुस्ती जोडत, "एक कॉइल चुकते. दोन मिळून खोटं बोलत नाहीत."

अण्णांच्या वहीत तारीख, मालक, मोटर किती हॉर्सपॉवरची, वेढे आणि तारेची जाडी एवढंच असे. जयूताईंनी दोन रकाने वाढवले. एकात, भरलेली मोटर रिकामी, म्हणजे काही काम न लावता चालवून पाहिल्यावर व्होल्टेज किती होतं आणि मोटरीनं अँपिअर किती घेतले, ते. दुसरा शेऱ्याचा, आणि त्यात डोळ्यांना जे जे दिसेल ते: 'आत पाल मेलेली.' 'तारेला हळदीचा वास, मसाल्याची चक्की.' अण्णा हसत, "बखर लिहून राहिलीस काय, सूनबाई?"

शब्दांच्या बाबतीत मात्र त्या अण्णांपेक्षाही कडक निघाल्या. उज्जैनात मोटर जळत नाही, 'फुंकते'. बल्ब मंद झाला तर 'लाइट कमी येऊन राहिली', आणि काहीही बिघडलं तर 'करंट ज्यादा आला'. जयूताईंना या बोलीचं वावडं नाही, त्यांची स्वतःची बोली तीच आहे. पण दुकानाच्या उंबऱ्याच्या आत शब्द तपासून घ्यावा लागतो.

"करंट ज्यादा आला, ताई."

"करंट की व्होल्टेज?"

"एकच ना ते?"

"एकच कसं? मोटर बंद असली तरी बोर्डावर असतं ते व्होल्टेज. मोटर चालू केल्यावर ती स्वतः जे ओढून घेते ते करंट, अँपिअरमध्ये मोजायचं. यजमानाचा आग्रह वेगळा आणि पाहुण्यानं खाल्लेल्या पोळ्या वेगळ्या. बोल आता, काय ज्यादा झालं?"

त्यांची दुसरी सवय म्हणजे, मोटर का बिघडली हे गिऱ्हाइकाकडून ऐकून न घेणं. "काय दिसलं ते सांग. का झालं ते मी बघते." माधव नगरातल्या कितीतरी घरांत आता गृहिणी मिक्सर घेऊन येतात त्या "जळाला" म्हणत नाहीत, "वास आला, मग घर्र झालं, मग थांबला" अशी साक्ष क्रमवार देतात.

हे सारं कौतुकाचं झालं. पण जयूताईंची खरी ओळख पटते ती २०२४च्या मे महिन्यातल्या चार दिवसांत.

गुरुवारी सकाळी दिलीप ढोबळे हातगाडीवर मोटर घेऊन आला. माधव नगरातल्या रेणुका वसाहतीत तो पंप चालवतो. चौसष्ट घरांचं पाणी खालच्या हौदातून वरच्या टाकीत चढवणारी पाच हॉर्सपॉवरची एकच मोटर, आणि ती सलग तिसऱ्या उन्हाळ्यात जळाली होती. पंपाशेजारची खोली हेच दिलीपचं घर. बायको आणि नर्सिंगला शिकणारी मुलगी मधुरा, तिघं तिथंच राहतात. नोकरी गेली की खोलीही जाणार, हे वेगळं सांगायला नको.

"ताई, परत फुंकली."

"काय दिसलं ते सांग."

"साडेपाचला चालू केली. पाणी चढायला लागलं. वीस मिनिटांनी हात लावला तर ठेववेना. मग धूर."

"हौदात पाणी होतं?"

दिलीपचा चेहरा उतरला. "ताई, तुम्ही पण?"

"मी सगळ्यांनाच विचारते. होतं का?"

"होतं. छातीइतकं होतं." मग तो म्हणाला, "रविवारी मीटिंग आहे. मला काढायची."

दुपारी स्कूटरवरून अरविंद खटावकर आले. वसाहतीचे सचिव. मूळचे साताऱ्याकडचे, बँकेच्या बदलीनं उज्जैनला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. गृहस्थ सरळ, कोणाचं वाईट चिंतणारे नव्हेत. त्यांनी घडी उलगडून एक कागद टेबलावर ठेवला. 'हौदात पाणी नसताना पंप चालविल्याने, सबब पंपचालकाच्या निष्काळजीपणामुळे सदर मोटर जळाली, असे प्रमाणित करण्यात येते.' खाली सहीसाठी जागा.

"पागनीस वहिनी, फक्त सही हवी."

"मोटर अजून उघडली नाही मी."

"उघडून वेगळं काय निघणार? आधीचे बाबा वीसेक वर्षं पंप चालवत होते, तेवढ्यात मोटर दोनदाच जळली. हा आला आणि दर उन्हाळ्याला जळायला लागली. माणूस बदलला, एवढाच फरक आहे."

"तुम्हाला दिसणारा एवढाच," जयूताई म्हणाल्या. "कागद ठेवून जा. दिसेल ते लिहीन."

"वहिनी, लोक माझ्या दारात बादल्या आपटतायत हो. रविवारी अकराला सभा आहे."

"रविवारी सकाळी मोटर देते. कागदही देते."

खटावकर गेल्यावर त्यांनी मोटर उघडली. पाण्याशिवाय पंप फिरला की सर्वांत आधी सील मरतं, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती पाणी अडवणारी चकत्यांची जोडी. पाणी तिला थंड ठेवतं. ते नसेल तर ती काळवंडते, तडकते. हे सील गुळगुळीत होतं, नखाला कुठं ओरखडा लागत नव्हता. म्हणजे पाणी होतं. दिलीप खरं बोलत होता.

मग दांडा बोटांनी फिरवून पाहिला. सहज फिरला. कुठं अडकलेला नाही, बेअरिंग धड, तेव्हा जास्तीचा लोडही नव्हता. मग कॉइली. तीनपैकी एक फेज गेली असती तर काही कॉइली काळ्या आणि काही शाबूत, असे पट्टे दिसले असते. इथं सगळं वर्तुळ सारखंच करपलेलं. सगळीकडून सारखी तापलेली मोटर. बाहेरचं कारण एकेक करून संपलं, आणि उरलं ते आतलं: तार, आणि तार भरणारा हात.

१९९९ सालची वही काढताना त्यांना अजून आकड्याचा संशय नव्हता, असं जयूताई सांगतात. यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, कारण संशय असता तर त्यांनी ती दोन वर्षं आधीच काढली असती. पान सापडलं. रेणुका वसाहत, पाच हॉर्सपॉवर, या दुकानात पहिल्यांदा आली ती नोंद. अक्षर त्यांचंच. वेढे: ४२, ४६, ४२. धरले: ४२. शेजारी अण्णांची लाल टिक. आणि शेऱ्यात एक ओळ: 'बेचाळीसवाल्या दोन्हींची तार लालसर. सेहेचाळीसवालीची काळपट, कडक.'

पंचवीस वर्षांपूर्वी जे डोळ्यांनी पाहून लिहिलं होतं, ते आज पहिल्यांदा समजलं. एकाच मोटरीत दोन रंगांची तार असायचं काही कारण नाही. ती मोटर त्यांच्याकडे येण्याआधी दुसऱ्या कोणीतरी अर्धवट दुरुस्त केली होती. जळालेल्या तेवढ्याच कॉइली काढून, दुसऱ्या तारेनं, चार वेढे कमी देऊन भरल्या होत्या. मोजलेल्या तिन्हींत कंपनीची अस्सल कॉइल एकच होती, आणि ती एकटी पडली म्हणून तिला खोटं ठरवलं गेलं. दोन साक्षीदार जुळले खरे, पण दोघं एकाच घरचे होते. त्यावर कळस असा की जयूताईंनी त्या दिवशी सगळीच तार काढली, आणि नियमानुसार सगळ्याच कॉइली बेचाळीसच्या भरल्या. उरलेला खरा पुरावाही भंगारात गेला.

पण मग मोटर इतकी वर्षं चालली कशी? त्यांनी रिकाम्या चाचणीचा रकाना वाचला. १९९९: ३७५ व्होल्ट, २.९ अँपिअर. २००८: ३८० व्होल्ट, ३ अँपिअर. २०२२: ४२५ व्होल्ट, ४.७ अँपिअर, पुढे प्रश्नचिन्ह आणि 'मीटर तपासावा'. २०२३: ४२८ व्होल्ट, ४.८ अँपिअर, 'नवा मीटर लावला, तरी तेच'.

त्यांनी दिलीपला फोन लावला.

"बोर्डावरचा व्होल्टेजचा काटा सकाळी कुठं असतो रे?"

"चारशे तीसला. कधी त्याच्याही पुढं."

"आणि आधीच्या बाबांच्या वेळी?"

"ते तर सांगायचे, पावणेचारशेच्या पुढं काटा गेलेला त्यांनी पाहिला नाही. नवा ट्रान्सफॉर्मर बसला ना आपल्या भागात, तेव्हापासून चढला. मी लागलो त्याच वर्षी."

सगळं जुळलं. जुन्या काळचं व्होल्टेजच इतकं कमी होतं की कमी वेढ्यांची मोटरही ते सहन करत होती. व्होल्टेज सुधारलं, जितकं असायला हवं तितकं झालं, आणि झाकलेली चूक उघडी पडली. माणूस बदलला एवढाच फरक खटावकरांना दिसला होता. त्याच वर्षी दुसरंही काही बदललं होतं.

शुक्रवारी त्यांनी सेहेचाळीस वेढे भरायला घेतले. सून ऋता कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. सुटीचे दिवस होते, ती समोर स्टुलावर येऊन बसली. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "आई, आता मोटर चालेल ना?"

"चालेल."

"मग द्या आणि गप्प बसा. कोणाला कळणार आहे?"

"मोटर चालेल आणि दिलीप घरी बसेल. लोक म्हणतील, बघा, माणूस काढला आणि मोटर जळायची थांबली."

"मग सांगा, की त्याची चूक नव्हती. तुमची होती हे कशाला सांगायला पाहिजे?"

"खटावकर विचारतील, मग कोणाची? बँकेतला माणूस आहे, अर्धं उत्तर घेऊन उठायचा नाही."

ऋतानं वहीतल्या लाल टिकेवर बोट ठेवलं. "आणि अण्णा? लोक त्यांच्या नावानं येतात इथं."

जयूताईंनी हातातला वेढा पुरा केला. "टिक अण्णांची आहे," त्या म्हणाल्या. "पण तेव्हा त्यांना लाल-काळं दिसत नव्हतं ग. मी वाचून दाखवायची, ते टिक करायचे. दिसत होतं ते मला. लिहिलं पण मीच. आणि दोन वर्षं मीटरवर संशय घेतला, वहीवर नाही घेतला, तोही मीच."

शनिवारी तारेवर चढवलेलं वॉर्निश वाळवलं. रविवारी सकाळी आठला मोटर रिकामी चालवली. ४२८ व्होल्ट. टाँगटेस्टर, म्हणजे चिमट्यासारखा तारेभोवती धरायचा मीटर, लावला. २.९ अँपिअर. त्यांनी मोटर बंद केली, पुन्हा चालू केली, तिन्ही तारांवर आळीपाळीनं चिमटा धरला. तिन्हीकडे तेच. मग खटावकरांचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला बसल्या.

सभा वसाहतीच्या लहानशा सभागृहात होती. पंचवीस-तीस माणसं, बरीचशी वैतागलेली. दिलीप दाराशी उभा होता. आत ये, बस, असं कोणी म्हटलं नव्हतं. खटावकरांनी प्रास्ताविक केलं आणि जयूताईंकडे हात केला, "आता तज्ज्ञांचा दाखला."

जयूताईंनी वाचलं, "ही मोटर पंपचालकाच्या चुकीने जळलेली नाही. सील शाबूत आहे. हौदात पाणी होते. १९९९ साली आमच्या दुकानात या मोटरीच्या वेढ्यांची संख्या चुकीची धरली गेली आणि पुढे दरवेळी तीच भरली गेली. ही चूक माझी आहे. जयू जयंत पागनीस."

खुर्च्या करकरल्या. खटावकरांनी चष्मा काढला. "वहिनी, वेढे चुकले म्हणजे नेमकं काय झालं? आम्हाला समजेल असं सांगा."

जयूताईंनी इकडंतिकडं पाहिलं. "हे लोखंडी टेबल गणपतीत तुम्ही किती जण उचलता?"

"सहा," मागून कोणीतरी म्हणालं. "आणि खटावकर काका मार्गदर्शन करतात."

हशा झाला. खटावकरही हसले.

"बोर्डावरचं व्होल्टेज मोटरीतल्या सगळ्या वेढ्यांवर वाटलं जातं. सेहेचाळीस वेढ्यांनी उचलायचा भार मी बेचाळिसांवर टाकला. आधी इथं व्होल्टेज कमी होतं, भारच हलका होता, निभावलं. आता पुरतं व्होल्टेज येतं. पाणी चढवायच्या आधीच ती जास्तीचा करंट घेऊन तापायची. दिलीप काय, कोणीही चालवली असती तरी जळालीच असती."

"म्हणजे तीन उन्हाळे आम्ही या बिचाऱ्याला उगाच बोलून राहिलो," पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या.

"मला वाईट नाही वाटणार, वहिनी, तुम्ही मला पण बोला," जयूताई म्हणाल्या. "पण ठराव मागे घ्या."

ठराव मागे घेतला गेला. सभेच्या इतिवृत्तात ते आहे. त्याच इतिवृत्तात पुढचं वाक्यही आहे: यापुढे मोटरीची दुरुस्ती इंदूरला करून घ्यावी, अशी सूचना आली आणि ती मान्य झाली. खटावकर संकोचून म्हणाले, "वहिनी, सभासदांचं म्हणणं आहे, काय करू."

"हक्क आहे त्यांचा. फक्त इंदूरवाल्याला ही चिठ्ठी द्या." चिठ्ठीवर तारेची जाडी आणि एक आकडा होता: ४६. "आणि त्याला म्हणावं, स्वतः पण मोज."

दाराशी त्या दिलीपसमोर थांबल्या. लोकांची अपेक्षा होती की तो पाया पडेल. तो पडला नाही.

"तीन वर्षं, ताई," तो म्हणाला. "मधुरा घरी विचारायची, बाबा, खरं सांगा, पाणी बघता ना?"

"हो," जयूताई म्हणाल्या. "तीन वर्षं."

घरी येऊन त्यांनी अण्णांच्या नियमाखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली: 'आधी तिन्हींची तार एकाच हाताची आहे का, ते बघावे.' मग तेहतीस वर्षांच्या वह्या पहिल्यापासून वाचायला घेतल्या. दोन जुळल्या आणि तिसरी वेगळी, अशा नोंदी एकवीस निघाल्या. बहुतेकांत फरक एखाद्याच वेढ्याचा होता, तो मोजण्यातला. रेणुका वसाहत सोडून सात नोंदींमध्ये तो तीन-चारचा होता. त्या सात मालकांची नावं त्यांनी एका कागदावर काढली. जयंतरावांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "अगं, यातल्या कोणाची तक्रार आहे का?"

"नाही."

"मग?"

"खटावकरांची पण दोन वर्षं नव्हती."

दोन मोटरी भंगारात गेल्याचं कळलं. एकीचे मालक गाव सोडून गेले होते. उरल्या चार, आणि पहिल्या दोन जयूताईंनी एकटीनं रिक्षानं जाऊन तपासल्या. दोन्ही ठीक निघाल्या. तिसऱ्या रविवारी त्या पिशवी घेऊन निघाल्या तेव्हा दारात दिलीप मोटरसायकल लावून उभा होता. ऋतानं त्याला सांगितलं असावं. ती तसं कबूल करत नाही.

"पोह्यांच्या मिलला जायचंय ना? रस्ता खोदून ठेवला आहे तिकडं, रिक्षा नाही जाणार. बसा."

मिल देवास गेटच्या पलीकडे होती. मालक तिशीतला, मोटर भरून घेतली होती ती त्याच्या वडिलांनी. मोटर चांगली चालते आहे, कधी त्रास नाही, मग ही बाई मीटर घेऊन का आली आहे, हे त्याला उमगेना.

"बुआजी, मोटर तो बढ़िया चल रही है. आपको किसने बुलाया?"

"किसी ने नहीं. पट्टा उतरवा दो, एक बार खाली चलाकर देखूँगी."

पट्टा उतरला. मोटर रिकामी फिरू लागली. जयूताईंनी चष्मा वर केला, चिमटा तारेभोवती धरला आणि आकडा वाचला. मग दुसऱ्या तारेवर, मग तिसऱ्या. दिलीप वही गुडघ्यावर घेऊन बसला होता.

"चार पूर्णांक चार," जयूताई म्हणाल्या. "लिही. तिन्हीकडे तेच."

"ज्यादा आहे?"

"ज्यादा आहे."

त्यांनी मालकाला मोटर थांबवायला सांगितलं, आणि ती दुकानात न्यावी लागेल म्हणाल्या. तो हसत होता. चालती मोटर बंद करून घेऊन जाणारा कारागीर त्यानं आजवर पाहिला नव्हता. जयूताईंनी मोटर पुरती थांबू दिली. मग त्यांनी पिशवीतून पाना काढला, जमिनीवर बैठक मारली आणि त्याला समजेल अशा शब्दांत, पहिल्यापासून, सांगायला सुरुवात केली.